ठिय्यावरची वही : स्थलांतरित कामगारांसोबतच्या कामाच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

ही वही राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या गटाची आहे. काम नागपुरातलं: रिंगरोडवरच्या एका चौकातला सकाळचा ठिय्या, म्हणजे रोजचं काम मिळवायला मजूर जमतात ती जागा, आणि बेसा भागातल्या दोन बांधकाम साइट. माणसं बहुतेक छत्तीसगढची, थोडी बालाघाट-सिवनीकडची. दुसऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना हेच काम करायचं असेल तर आमचे गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत म्हणून नोंदी ठेवते आहे; पुढे जे घडलं तेही त्या त्या नोंदीत जोडलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

पहिला दिवस. आम्ही २२ जण, एक बॅनर आणि मराठीत छापलेली २०० पत्रकं. सकाळी अकराला साइटवर पोहोचलो तर तिथे एक चौकीदार आणि नळावर कपडे धुणारी एक बाई, एवढेच. शनिवारी संध्याकाळी खर्ची, म्हणजे मजुरीतून उचल म्हणून खर्चापुरते पैसे, मिळते आणि रविवारी सगळे बाजाराला जातात, हे चौकीदाराने सांगितलं. आदल्या दिवशी कुणीतरी येऊन नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं.

पत्रकाचंही तसंच झालं. त्या बाईचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पुढे आला, कागद हातात घेतला आणि अडखळत वाचू लागला. लिपी तीच, त्यामुळे अक्षरं वाचता आली. ‘प्रसूती अर्थसाहाय्य’पाशी थांबला आणि म्हणाला, “दीदी, इसका मतलब?” २०० पत्रकांचे ६०० रुपये आणि बॅनरचे ४५० त्याच क्षणी वाया गेले.

आम्हीच हे काम का करायचं, असं परतताना एकाने विचारलं. माझ्यापुरतं उत्तर मी त्याला दिलं, तेच इथे लिहिते. मार्च २०२० मध्ये मी दहावीला होते. भूगोलाचा पेपर आधी लांबला, मग रद्द झाला, त्याचा मला आनंद झाला होता. पुढच्या दोन महिन्यांत हैदराबादकडून जबलपूरकडे आणि रायपूरकडे चालत निघालेली माणसं आमच्या शहराच्या कडेने गेली. पांजरी नाक्यावर लोक त्यांना जेवण, पाणी, चपला देत होते. मी ते घरात बसून मोबाइलवर पाहिलं. ज्या वर्गात आज मी बसते त्याच्या भिंती त्यांच्यातल्याच कुणीतरी उभ्या केल्या आहेत. आता मी वीस वर्षांची आहे, मला फॉर्म भरता येतो, रांगेत उभं राहता येतं. घरी बसून पाहायचं कारण उरलेलं नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आज तिघंच गेलो, सकाळी सातला, ठिय्यावर. बॅनर नेलं नाही.

ठिय्या बघितला नसेल त्यांच्यासाठी: सायकली, थापी आणि ओळंबा असलेल्या पिशव्या, जेवणाचे डबे. मिस्त्री एका बाजूला, रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायका, दुसऱ्या बाजूला फुटपाथवर. मोटरसायकलवर ठेकेदार येतो, “दो रेजा, एक मिस्त्री” म्हणतो, भाव ठरतो, माणसं मागे बसून जातात. रेजाची रोजी ४००, चांगल्या मिस्त्रीची ७०० ते ८००. साडेनऊपर्यंत चौक रिकामा होतो. ज्यांना काम मिळालं नाही ते दहा-बारा जण तेवढे उरतात.

आधी लोकांना आम्ही विमा विकणारे वाटलो, मग निवडणुकीचे. आम्ही ठरवून आलो होतो ब्लँकेटवाटप आणि आरोग्य शिबिर. त्यांनी विचारलं ते वेगळंच. एका काकूचा पहिला प्रश्न होता, “राशन इहां मिलही का?” दुसऱ्याचा, अडकलेली मजुरी कशी काढायची. तिसरीचा, पोराला शाळेत घेतील का. ब्लँकेट कुणीच मागितलं नाही. परत येऊन ठरलेला आराखडा फाडला आणि तीन कामं लिहिली: कागदपत्रं, रेशन, शाळा. मजुरीचं काम आम्हाला झेपणार नाही असं वाटलं म्हणून सोडलं. तेही पुढे करावंच लागलं.

सोमवार, २० नोव्हेंबर

बारा दिवस शून्य काम. १२ तारखेला दिवाळी आणि १७ ला छत्तीसगढ-मध्य प्रदेशात मतदान. माणसं गाडी भरून गावी गेली. जाणारे थेट धान कापूनच येतील, असंही कळलं. आम्ही मात्र दिवाळीच्या सुट्टीत जास्त वेळ मिळेल म्हणून याच दिवसांत सगळं बसवलं होतं. त्यांच्या गावचं कॅलेंडर आधी विचारा. धानकापणी, दिवाळी, पौष पौर्णिमेचा छेरछेरा, होळी, या चार वेळा ठिय्या अर्धा होतो.

तेवढ्यात विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा. २२ पैकी ९ जण उरलो.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आमच्या वर्गातली एक मैत्रीण पहिल्या दिवसापासून येत होती, पण मागे मागे उभी राहायची. आज ठिय्यावर एक म्हातारे बाबा काहीतरी सांगत होते आणि आम्हा कुणाला कळत नव्हतं. त्यांची हिंदी अर्धी छत्तीसगढी. ती पुढे झाली आणि सरळ त्यांच्या बोलीत बोलू लागली. बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी तिला गाव विचारलं, जात विचारली, आजोबांचं नाव विचारलं. पाच मिनिटांत आमच्याभोवती पंधरा माणसं.

परतताना तिने सांगितलं, तिचं घर डिप्टी सिग्नलच्या वस्तीत. आजोबा बिलासपूरकडून मजुरीला आले आणि इथेच राहिले. दीड वर्ष एका बाकावर बसून तिने आम्हाला हे सांगितलं नव्हतं, कारण पहिल्या वर्षी कुणीतरी ‘छत्तीसगढी’ हा शब्द शिवीसारखा वापरला होता. तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. मला तो प्रसंग आठवतही नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटली.

आजपासून ठिय्यावर बोलायचं काम तिचं, लिहायचं आमचं. तुमच्या गटात असं कुणी आहे का ते पहिल्या दिवशी बघा. मात्र त्या मुलाला किंवा मुलीला सगळ्यांसमोर पुढे ढकलू नका, एकटं गाठून विचारा.

रविवार, २६ नोव्हेंबर

साइटवर संध्याकाळी पाचला गेलो. बाजारातून सगळे परतलेले. ३१ जणांची यादी केली. प्रत्येकाचं आधार बघितलं आणि त्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे ते तपासलं. चालू नंबर फक्त ९ जणांचा निघाला. बाकीच्यांची सिम दर हंगामाला बदललेली, जुना नंबर बंद. ई-श्रमच्या, म्हणजे असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारी नोंदणीच्या, पोर्टलवर घरबसल्या नोंदणी करायची तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार. काम इथेच अडलं.

आज एक मोठी चूक केली. झेरॉक्स काढायला म्हणून चौघांची मूळ कार्डं सोबत नेली. दुकान बंद होतं, म्हणून एकाने ती घरी नेली. रात्री दहाला फोन आला, एक कार्ड सापडत नाही. ते बॅगेच्या अस्तरात निघालं, सकाळी साडेसहाला परत दिलं. पण ती बाई रात्रभर झोपली नव्हती. ती रागावली नाही, कार्ड पदराला पुसून आत ठेवलं, एवढंच.

त्याच दिवशी नियम केले. मूळ कागद त्यांच्या हातातून घ्यायचा नाही, झेरॉक्सला त्यांच्यासोबतच जायचं. आधारचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. काम झालं की आपल्या फोनमधला फोटो त्यांच्यासमोर काढून टाकायचा.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

अवकाळी पाऊस. साइट बंद, म्हणजे रोजीही बंद. टिनाच्या खोल्यांमध्ये पाणी. काम काही नाही. दोघं जाऊन ताडपत्री बांधायला हात लावून आलो.

शनिवार, २ डिसेंबर

आधारचा मोबाइल नंबर पोस्टमन जागेवर येऊन बदलून देतो, ५० रुपयांत (२०२३ चा दर), हे एकाच्या मामांकडून कळलं. ते स्वतः पोस्टात आहेत. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सोय २०२१ पासून आहे. आम्ही मात्र आठवडाभर आधार केंद्राच्या रांगेचा हिशेब करत बसलो होतो.

आज पोस्टमनकाका सकाळी साडेसातला साइटवर आले. २२ जणांचं करायचं होतं, १४ चं झालं. उरलेल्या आठांपैकी तिघं कामावर निघून गेले आणि पाच जणांची बोटं मशीनने घेतली नाहीत. सिमेंट-चुन्यात राबून बोटांवरच्या रेषाच उरलेल्या नाहीत. एक मिस्त्री दहाही बोटं एकेक करून ठेवत गेला आणि शेवटी आमच्याकडे बघून म्हणाला, “नइ आवत हे.”

काकांनी एक उपाय शिकवला तो लिहून ठेवते. कोमट पाण्याने हात धुवायचे, रात्री तेल चोळून ठेवायचं, सकाळी कोरड्या फडक्याने पुसून कामाला हात लावायच्या आधी बोट ठेवायचं. तर्जनी जमली नाही तर अनामिका बघायची. पुढच्या खेपेला पाचांतल्या तिघांचं असंच जमलं.

खर्च ७०० रुपये. वेळ अडीच तास.

शनिवार, ९ डिसेंबर

कॉमन सर्व्हिस सेंटरवर गेलो, आणि आपण दोन आठवडे फुकट घालवले हे तिथे कळलं. आधारला नंबर जोडलेला नसला तरी सेंटरवर बोटाच्या किंवा डोळ्याच्या खुणेने ई-श्रमची नोंदणी होते. पहिली नोंदणी मोफत. ज्यांची बोटं येत नाहीत त्यांनी डोळ्याचं मशीन असलेलं सेंटर शोधावं. आम्हाला तसं दुसऱ्या दिवशी वर्धा रोडकडे सापडलं. नंबर जोडण्याचे पैसे अगदीच वाया गेले नाहीत, पुढे त्याचा उपयोग झाला. पण क्रम उलटा हवा होता.

ई-श्रमच्या अटी थोडक्यात: वय १६ ते ५९, असंघटित काम, भविष्यनिर्वाह निधी किंवा कामगार राज्य विम्यात नाव नको, आयकर भरणारा नको. आधार आणि बँक खात्याचा नंबर लागतो. १२ अंकी क्रमांकाचं कार्ड मिळतं. फॉर्म भरताना दोन ठिकाणी लक्ष द्या. स्थलांतरित कामगार आहात का, या प्रश्नाला पहिल्या सहा जणांचं आम्ही घाईत ‘नाही’ केलं, ते पुन्हा दुरुस्त करावं लागलं. दुसरं, कामाचा प्रकार. बार बांधणारा, सेंट्रिंगवाला, रेजा, सगळ्यांना एकाच प्रकारात टाकू नका. त्यांना विचारा, हाताला काय काम येतं ते.

बुधवार, १३ डिसेंबर

आज बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. ई-श्रम कार्ड म्हणजे हीच नोंदणी, असं अर्ध्या लोकांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. ही नोंदणी राज्याची. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतला जातो (तेव्हा तो १९९६ च्या कायद्याने घेतला जायचा) आणि त्या पैशातून मंडळाच्या योजना चालतात. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असलं पाहिजे. मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये शैक्षणिक मदत, प्रसूतीसाठी मदत, अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला आधार, अशा गोष्टी त्यात आहेत. नोंदणी दर वर्षी चालू ठेवावी लागते.

गाडं अडलं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. एका साइटच्या ठेकेदाराने साफ सांगितलं, सही देणार नाही. कारणही सांगितलं नाही. सही केली तर किती माणसं, किती दिवस हे कागदावर येतं, हे आमच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. ठिय्यावरच्यांचा प्रश्न त्याहून अवघड. रोज नवा मालक, तर ९० दिवसांवर सही कुणाची?

वर हिवाळी अधिवेशन सुरू. ७ तारखेपासून अर्धं शहर मोर्चे आणि बंद रस्त्यांत. कार्यालयात खिडकीवरचे भाऊ म्हणाले, “ताई, अधिवेशन संपू द्या, मग या.” चौघांना घेऊन गेलो होतो, चौघांची रोजी बुडाली. दोन मिस्त्री आणि दोन रेजा, म्हणजे जवळजवळ २,४०० रुपये. आमचा खर्च ऑटोचे १६० रुपये. त्या संध्याकाळी आमच्यात भांडण झालं. मी म्हटलं, आपण फेरीचा हिशेब ऑटोच्या भाड्याने करतो, त्यांच्या रोजीने करत नाही.

त्यातून निघालेली पद्धत पुढे शेवटपर्यंत टिकली. कामावर लागलेल्या माणसाला कार्यालयात न्यायचं नाही. साडेनऊनंतर ठिय्यावर जे उरतात, त्यांची तशीही रोजी गेलेली असते, त्यांना विचारायचं आणि त्याच दिवशी न्यायचं. त्यासाठी आपल्यातलं कुणीतरी एक रोज साडेनऊला तिथे मोकळं हवं. सकाळच्या वर्गाचं वेळापत्रक बघून आम्ही आठवड्याचे सहा दिवस वाटून घेतले. आणि नेण्याआधी एकाने एकट्याने जाऊन खिडकी सुरू आहे का, साहेब जागेवर आहेत का, आज कोणता कागद मागतात, हे बघून यायचं.

आणि दलाल. कार्यालयाबाहेर एकाने नोंदणीचे १,५०० मागितले. आमच्यासोबतचे दोघं आधीच एकेकदा असे पैसे देऊन बसले होते, हातात पावतीही नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर

हजेरीच्या वह्या घेतल्या. ४० नग, १५ रुपयांप्रमाणे ६००. खिशात मावणाऱ्या. प्रत्येक पानावर तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचं नाव किंवा नुसता गाडीचा नंबर, ठरलेली रोजी, मिळालेली खर्ची. लिहिता येत नसेल तर घरातलं पोर लिहील. सोबत काम करणाऱ्या एकाची सही किंवा अंगठा.

पहिल्या आठवड्यात ४० पैकी सहा वह्या भरल्या गेल्या. बाकीचे म्हणाले, कशाला? मग आम्ही रोज संध्याकाळी सातला साइटवर अर्धा तास बसायला लागलो. चहा पीत पीत “आज कुठे, किती?” विचारायचं आणि त्यांच्या हाताने लिहून घ्यायचं. महिनाभराने २३ वह्या नियमित झाल्या. दुसऱ्या साइटचे इंजिनिअर चांगले होते. त्यांनी वह्या आपल्या मस्टरशी, म्हणजे हजेरीपटाशी, ताडून बघितल्या आणि जानेवारीत १६ जणांना दाखले दिले.

शनिवार, ६ जानेवारी २०२४

रेशन. पहिल्या दुकानात उत्तर, “बाहेरच्या कार्डाचं आमच्याकडे चालत नाही.” दुसऱ्यात, “मशीन घेत नाही.” वाद घातला, दोन्हीकडून हात हलवत परत आलो. माझा आवाज चढला त्याने काहीच झालं नाही. उलट सोबत आलेल्या काकू घाबरल्या, उद्या याच दुकानात आपल्याला एकटीला यायचं आहे म्हणून.

गुरुवार, १८ जानेवारी

आज मिळालं. काय केलं ते सविस्तर लिहिते.

‘वन नेशन वन रेशन कार्ड’मध्ये छत्तीसगढ २०२२ पासून आहे, महाराष्ट्र सुरुवातीपासून. पण राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचंच कार्ड चालतं. राज्याने स्वतःच्या योजनेतून दिलेलं कार्ड इथे चालत नाही. आणि केंद्राच्या हिश्श्यावर राज्य जे वरून देतं ते त्या राज्यातच मिळतं. हे आम्ही आधी तपासलं नव्हतं. यादीतल्या ११ कार्डांपैकी ८ चालणारी निघाली. तेव्हाच्या ‘मेरा राशन’ ॲपवर कार्डाचा नंबर टाकल्यावर ते दिसलं.

दुसरी तपासणी, घरातल्या कुणाकुणाचं आधार कार्डाला जोडलेलं आहे. जो इथे बोट ठेवणार त्याचं जोडलेलं हवं. दोन कुटुंबांत ते फक्त गावातल्या सासूचं होतं. ते गावातच जोडून घ्यावं लागलं, फोनवर फोन करून.

तिसरं, वाटणी. काकूंच्या कार्डावर पाच माणसं, माणशी ५ किलो, एकूण २५. इथे दोघं. दोघांचं १० किलो इथे उचलायचं आणि तिघांचं १५ गावात राहू द्यायचं, असं करता येतं. हे नीट समजावलं नाही तर माणसं हात लावत नाहीत. इथे उचललं की गावचं कार्ड कटतं, अशी भीती सगळीकडे आहे. काकूंनी तिथूनच गावी सासूला फोन लावला आणि तिने “ले ले” म्हटल्यावरच बोट ठेवलं.

दुकानात या वेळी मैत्रीण आणि मी दोघीच गेलो, दुपारी, गर्दी नसताना. १४४४५ हा मदतक्रमांक फोनवर तयार ठेवला होता, लावावा लागला नाही. दुकानदार काकांनाच विचारलं, तुम्ही एकदा नंबर टाकून बघता का. त्यांनी टाकला. मशीनवर काकूंचं नाव आलं तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. म्हणाले, मी हे कधी करून बघितलंच नव्हतं. १० किलो धान्य, पैसे शून्य. जानेवारी अखेर सहा कुटुंबांचं सुरू झालं. दोन अजून आधारसाठी अडकली आहेत.

रविवार, २१ जानेवारी

शाळेचं थोडक्यात. महापालिकेच्या हिंदी शाळेत चार मुलांना घातलं. आधी दाखला मागितला. शिक्षण हक्क कायद्यात दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्ग मिळतो, हे आम्ही छापून नेलं होतं. पण कागद काढायची वेळ आली नाही, मुख्याध्यापिकाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “मार्चपर्यंत राहतील ना?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. संध्याकाळचा अभ्यासवर्ग मात्र जमला नाही. पाच वाजता मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळत असतात, त्यांना सोडून येणार कशा? सातला केला तर उजेड नाही. शेवटी हजेरीच्या वह्यांबरोबरच त्यांना बसवायला लागलो. अर्ध्या वह्या आता त्याच मुली लिहितात.

गुरुवार, २५ जानेवारी

छेरछेरा. गावी न गेलेल्या मुलांनी साइटवरच खोल्याखोल्यांतून “छेरछेरा, कोठी के धान ला हेरहेरा” म्हणत तांदूळ मागितला. आम्हालाही मागितला. मैत्रिणीने घरून पिशवी भरून आणली होती, आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आजच राष्ट्रीय सेवा योजनेचे माझे वर्षाचे १२० तास पूर्ण झाले. सरांनी वहीवर सही केली. उद्या साडेनऊला माझी पाळी आहे.

शनिवार, १० फेब्रुवारी

जे काम सोडलं होतं तेच आलं. बार बांधणाऱ्या एका दादाची २४ दिवसांची मजुरी अडकली. रोजी ६००, म्हणजे १४,४००. खर्ची ३,००० घेतली होती, उरले ११,४००. ठेकेदार म्हणतो, १५ च दिवस भरले.

दादाच्या वहीत २४ तारखा होत्या, जागेसकट, सोबत्याच्या अंगठ्यासकट.

आम्हाला इतका राग आला की ठेकेदाराचा व्हिडिओ काढून टाकायचा, असं ठरत होतं. दादाने थांबवलं. त्याचा धाकटा भाऊ त्याच माणसाच्या दुसऱ्या साइटवर कामाला आहे. आम्ही व्हिडिओ टाकून घरी गेलो असतो, भोगलं असतं त्या भावाने. यापुढे कोणतंही पाऊल त्या माणसाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. मजूर, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना तिथे वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. वकील मॅडमनी वही बघून एकच सांगितलं: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याचं बांधकाम त्याच्यावर येते. मागणी दोघांकडेही लेखी करा, पोच घ्या. अर्ज दादाने सांगितला, मी लिहिला, वाचून दाखवला, मग त्याने सही केली.

सोमवार, ४ मार्च

दादाला ६,००० मिळाले. नोटीस जायच्या आधीच, बिल्डरच्या माणसाकडून, रोख. ५,४०० बाकी. दादा म्हणाला, बाकीचे होळीनंतर बघू. मी अजून जोर लावायला हवा होता का, ते कळत नाही. तारीख वहीत लिहून ठेवली आहे.

रविवार, १७ मार्च

पहिल्या साइटचा स्लॅब संपला. तिथली नऊ कुटुंबं कुणी रायपूरला, कुणी हैदराबादला निघाली. शाळेतली दोन मुलंही गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं आहे, पुढच्या शाळेत ते दाखवायचं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिलं आणि कशासाठी आहे ते तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

हिशेब. बॅनर ४५०, पत्रकं ६००, झेरॉक्स १,१८०, फोटो २७ जणांचे १,३५०, त्यातले ११ जणांचे वापरलेच नाहीत कारण दाखला मिळेल असं धरून आधीच काढले होते. मोबाइल नंबर ७००, वह्या ६००, ऑटो आणि पेट्रोल २,६००, प्रिंट ४२०. एकूण ७,९००. कॉलेजच्या युनिटने ३,००० दिले, ४,९०० आम्ही वर्गणी काढली.

झालेलं काम: ई-श्रम ३८. मंडळाकडे अर्ज १६, मंजूर ११, परत आलेले ५. त्या पाचांत तीन नावांच्या स्पेलिंगचे, एक पुसट फोटोचा, एका दाखल्यावर तारीख नाही. रेशन ६ कुटुंबं. शाळा ४ मुलं, टिकलेली २.

शुक्रवार, २२ मार्च

पहिल्या वर्षाची सहा मुलं काम पुढे नेणार आहेत. आज त्यांना सकाळी सातला ठिय्यावर नेलं. माझी मैत्रीण त्यांना कोण कुठे बसतं ते सांगत होती. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, बॅनर आणू का? तिने त्याला हजेरीची वही दिली आणि त्या म्हाताऱ्या बाबांशेजारी बसवलं.

दुपारी काकूंचा फोन आला, हैदराबादहून. दुकानदार नाही म्हणतोय, तो नंबर कोणता होता? १४४४५ सांगितला, लिहून घ्यायला मुलाला फोन दिला. मुलाने नंबर परत वाचून दाखवला. मग विचारलं, “दीदी, यहाँ की शाला में वो कार्ड कब दिखाना है?”

पुढच्या गटासाठी बाकी: पाच अर्जांची दुरुस्ती. दोन कुटुंबांचं आधार जोडणं. दादाचे ५,४००, होळीनंतर पहिला फोन १ एप्रिलला. उरलेल्या दोन मुलांचं नाव जूनअखेर शाळा उघडतील तेव्हा पटावर आहे का ते बघणं. साडेनऊची सोमवारची पाळी अजून कुणी घेतलेली नाही, तोवर ती माझ्याकडे.